ठळक न झालेले १.१

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गेली २२ वर्षे मी रक्त-लघवी तपासणीची एक छोटी प्रयोगशाळा चालवते. अहवालावर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची असते; परंतु सकाळी सुई टोचण्यापासून दुपारी कागद छापून पाकिटात घालण्यापर्यंतचे सगळे काम माझ्या आणि माझ्याकडच्या दोन मुलींच्या हातून होते. आमच्या संगणकाची एक सवय आहे. एखादा आकडा नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो आपोआप ठळक अक्षरांत छापला जातो. लोकही या सवयीला सरावले आहेत. पाकीट उघडायचे, ठळक काही दिसते का ते पाहायचे, काही नसले की कागदाची घडी घालून पिशवीत टाकायची आणि मासळीबाजाराची वाट धरायची. माझ्या आईचा अहवाल आठ वर्षे असाच घडी होऊन पिशवीत जात राहिला, आणि तो छापणारी मीच होते.

आईचा रक्तदाब वाढल्याचे २०११ साली, तिच्या वयाच्या ५५व्या वर्षी लक्षात आले. आमच्याकडे त्याला रक्तदाब कोणी म्हणत नाही. ‘प्रेशर’ म्हणतात, आणि ज्याला ते आहे त्याची ‘प्रेशराची गोळी’ चालू असते. मयेच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आईची गोळी ठेवलेली असते आणि चहाबरोबर ती घेण्यात तिने एक दिवसही कसूर केलेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी डॉक्टर चिठ्ठी देत, मी रक्त काढी आणि अहवाल देई. चिठ्ठीवर साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन असे. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचा उल्लेख त्यांपैकी एकाही चिठ्ठीवर नव्हता. ही तपासणी मी माझ्याच यंत्रावर मधुमेही रुग्णांसाठी जवळजवळ रोज करत होते, तरीही ती आईसाठी करावी असे मला कधी सुचले नाही.

सुचले ते २०२४ साली, एका योगायोगाने. त्या दिवशी दुपारी छपाईयंत्रातून दोन अहवाल एकापाठोपाठ बाहेर आले. एक होता व्यायामशाळेत जाणाऱ्या ३० वर्षांच्या मुलाचा, भरदार दंडाच्या आणि नोकरीसाठी तपासणी करून घ्यायला आलेल्या. दुसरा आईचा, वय ६८, वजन ४९ किलो. दोघांचेही क्रिएटिनिन १.१ होते. आमच्या कागदावर पुरुषांसाठी ०.७ ते १.३ आणि स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ अशी मर्यादा छापलेली आहे. म्हणजे आईचा आकडा काठावर असला तरी मर्यादेच्या आतच होता, आणि म्हणून तो ठळक झाला नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या नेहमीच्या उलाढालीतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याच्या अंगावर मांस अधिक त्याच्या रक्तात तो अधिक येतो, आणि मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. त्यामुळे मुलाच्या १.१ चा आणि आईच्या १.१ चा अर्थ एक असूच शकत नाही. त्या मुलाच्या शरीरात क्रिएटिनिन भरपूर तयार होत होते आणि मूत्रपिंडे ते व्यवस्थित उपसत होती. आईच्या शरीरात ते मुळात थोडेच तयार होत होते, आणि तेवढेही उपसले जात नव्हते. हा फरक हिशेबात धरण्यासाठी वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढण्याचे सूत्र आहे. त्यातून येणाऱ्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात याचा तो अंदाज असतो. सध्या पुष्कळ ठिकाणी चालणारे सूत्र २०२१ सालचे आहे, ते मोबाइलवरही सहज मिळते आणि त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही. मी मुलाचा आकडा काढला, तो ९३ आला. आईचा काढला, तो ५५ आला.

त्यानंतर मी दुकानाचे दार अर्धे ओढून घेतले आणि आईचे जुने अहवाल संगणकातून बाहेर काढले. २०१६ साली क्रिएटिनिन ०.८, २०१९ साली ०.९, २०२२ साली १.० आणि आता १.१. प्रत्येक वेळी एक दशांशाची वाढ, जी पाहून कोणीही भुवई उंचावली नसती. पण त्याच आकड्यांचे ईजीएफआर एकाखाली एक लिहिले तेव्हा ते ८४, ७२, ६२ आणि ५५ असे उतरत गेले. चाळिशीनंतर ही क्षमता वयोमानाने वर्षाला साधारण एका अंकाने कमी होते असा ढोबळ हिशेब आहे. आईची घसरण आठ वर्षांत २९ अंकांची होती. चार कागद चार वेगवेगळ्या वेळी पाहिले तर प्रत्येक कागद निरोगी माणसाचा वाटत होता.

ईजीएफआर ६० च्या खाली आला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक जाऊ लागले, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकली तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या तपासणीत नेमकी तिथेच गफलत होते. क्रिएटिनिन उशिरा बोलते. मूत्रपिंडांची निम्मी क्षमता गेली तरी ते मर्यादेच्या आत राहू शकते, कारण उरलेला निम्मा भाग अधिक राबून तूट भरून काढत असतो. लघवीतील अल्ब्युमिन त्याच्या बरेच आधी दिसू शकते. ज्याचा ईजीएफआर ९० आहे परंतु लघवीतून अल्ब्युमिन जात आहे, तोही मूत्रपिंडविकाराचा रुग्ण ठरतो. नुसते रक्त तपासून त्याला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून परत पाठवले जाते.

रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडाचा संबंध समजण्यासाठी मला आमच्या खाजन शेतांतला मानस नेहमी आठवतो. दिवाडी-चोडणकडे ज्यांनी भरती-ओहोटीच्या पाण्याशेजारची शेते पाहिली असतील त्यांना हे सांगावे लागणार नाही. बांधात बसवलेली लाकडी झडप म्हणजे मानस. भरतीचे खारे पाणी चढू लागले की ती मिटते आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाऊ देते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात, आणि प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी असलेली सूक्ष्म रक्तवाहिनी काहीशी मानसासारखी वागते. बाहेरचा दाब चढला की ती आकसते आणि आतल्या नाजूक केशवाहिन्यांच्या गुंडाळीवर तो दाब पडू देत नाही. दाब वर्षानुवर्षे चढाच राहिला तर या वाहिनीच्या भिंती जाड आणि ताठर होतात. मग कुठे गाळणीला पुरेसे रक्त मिळत नाही आणि ती सुकते, तर कुठे झडप मिटेनाशी होऊन दाब थेट आत शिरतो आणि गाळणीची जाळी विरते. विरलेल्या जाळीतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत झिरपू लागते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला सुमारे दीड लिटर लघवी होऊन बाहेर पडतो. एवढ्या उलाढालीत निरोगी माणसाच्या लघवीत अल्ब्युमिन दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी जाते. म्हणून थोडीशी गळतीसुद्धा अर्थपूर्ण असते.

उलट दिशेनेही हे चक्र फिरते. दुखावलेली मूत्रपिंडे मीठ-पाणी शरीरात धरून ठेवतात आणि रेनिन या द्रव्यामार्फत रक्तवाहिन्या आवळण्याचा संदेश पाठवतात, त्यामुळे रक्तदाब आणखी चढतो. काही रुग्णांत तर मूत्रपिंडाचा विकार आधीचा असतो आणि प्रेशर त्याच्यामागून आलेले असते. म्हणूनच रक्तदाब वाढल्याचे निदान झाले त्याच आठवड्यात पहिली तपासणी व्हायला हवी. दहा वर्षे गोळ्या खाऊन झाल्यावर ती करण्यात अर्थ नाही असे नाही, पण तोवर कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे अवघड होऊन बसते. चाळिशीच्या आत प्रेशर निघाले असेल, घरात कोणाला डायलिसिस लागले असेल किंवा गरोदरपणात रक्तदाब वाढून त्रास झाला असेल तर हे अधिकच खरे आहे.

लघवीतले प्रथिन आणि मूत्रपिंड यांची गाठ आधुनिक वैद्यकात घातली ती लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ साली. सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ होते, आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर आकसलेली सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. अशा रुग्णांचे हृदय वाढलेले असते हेही पुढे त्यांनीच नोंदवले, आणि तेही रक्तदाब मोजण्याचे साधन हाती नसताना. मी शिकत होते तेव्हा परीक्षानळीत लघवी तापवून, वर अ‍ॅसिटिक आम्लाचा थेंब टाकून गढूळपणा पाहण्याची पद्धत आम्हाला शिकवली होती. आता त्या जागी रंग बदलणारी पट्टी आली आहे. प्रथिन असले की तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवट होतो.

पट्टीविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण ‘लघवी तपासली होती, प्रथिन निरंक होते’ हे वाक्य मी फार ऐकते. साधी पट्टी लिटरमागे साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिन असल्याखेरीज रंग बदलत नाही. गळती सुरू होते ती त्याच्या पुष्कळ खाली. शिवाय ज्याने सकाळपासून तीन तांबे पाणी प्यायले आहे त्याची लघवी पातळ असते आणि तिच्यातले प्रथिनही विरळ होऊन पट्टीला दिसत नाही. यासाठी लघवीतील अल्ब्युमिन आणि लघवीतीलच क्रिएटिनिन दोन्ही मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. आमच्या चिठ्ठ्यांवर डॉक्टर ‘एसीआर’ एवढेच लिहितात. लघवी पातळ असो वा दाट, दोन्ही पदार्थ सारख्याच प्रमाणात विरळ होतात, त्यामुळे गुणोत्तर बदलत नाही, आणि २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवत बसण्याची गरज उरत नाही. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत अल्ब्युमिन असले तर ठीक. ३० ते ३०० ही मधली पायरी. ३०० च्या वर गेले तर गळती मोठी. पट्टी जिला निरंक म्हणते ती लघवी या मधल्या पायरीवर असू शकते.

आईचा एसीआर २४० आला.

तेवढ्यावर निदान होत नाही हे मला ठाऊक होते, तरी ती रात्र मी झोपले नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे काम, तरुण स्त्रियांत मासिक पाळी, यांपैकी कशानेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासणी पुन्हा करायची, आणि तीन महिन्यांच्या अंतराने दोन वेळा तरी ती वाढलेली आढळली तरच ती धरायची. आईला समजावणे त्याहून कठीण गेले. “अगो, प्रेशर तर बरोबर येते, मग लघवी कशाला?” हा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. तिचे प्रेशर डॉक्टरांकडे १४० च्या आत असे. पण घरी यंत्र नेऊन, पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून आणि दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून आठवडाभर मोजले तेव्हा सकाळचा आकडा १५० च्या घरात निघाला. तीन महिन्यांनी एसीआर २१० आला. साखर तिला नाही. तेही पुन्हा तपासले.

आता बाटलीविषयी. मूत्रपिंडाच्या तपासणीतला सगळ्यात मोठा अडसर माझ्या अनुभवात खर्च हा नाही. दोन्ही तपासण्यांना मिळून किलोभर इसवण माशाच्या भावापेक्षा अधिक पैसे पडत नाहीत. अडसर संकोचाचा आहे. रक्त द्यायला बाया हात पुढे करतात, पण लघवीची बाटली हातात ठेवली की त्या ती पदराआड घेतात, आणि पुष्कळदा ‘उद्या आणते’ म्हणून गेलेली बाई परत येत नाही. येते ती कधी वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळलेली खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन येते, जिच्या तळाशी अजून साखरेचा पाक चिकटलेला असतो, तर कधी काजू फेणीची पावशेरी बाटली साबणाने घासूनपुसून आणते. जंतुनाशक द्रव किंवा साबणाचा अंश राहिला तर पट्टी फसवा हिरवा रंग दाखवू शकते. नार्व्याहून येणाऱ्या एका म्हातारीने मला ठणकावून सांगितले होते की, बाटली स्वच्छ आहे, तिच्यात तीर्थ ठेवत होते. मी त्यावर काय बोलणार होते?

मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन असतो. २००६ सालापासून तो पाळला जातो. त्या सुमारास आणि एरव्हीही गावोगाव देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात आरोग्य शिबिरे भरतात. माझी मशीन घेऊन मीही अनेकदा गेले आहे. तिथे प्रेशर मोजतात, बोटातून साखर पाहतात, फार तर वजन करतात. लघवी घेत नाहीत, कारण सभागृहाला बहुधा एकच स्वच्छतागृह असते आणि त्याची कडी लागत नाही. मोठमोठ्या जाहिरातींच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’ योजनांचीही गत वेगळी नाही. साठ-सत्तर तपासण्यांची यादी असते, तिच्यात जीवनसत्त्वे असतात, थायरॉइड असते, क्रिएटिनिन असते. एसीआर मात्र बहुतेक याद्यांत सापडत नाही. रक्ताच्या एका नळीतून जे निघते तेच त्यांना परवडते, असा माझा समज आहे.

आईच्या डॉक्टरांना मी दोन्ही अहवाल आणि घरच्या प्रेशरची वही नेऊन दाखवली. ते काही क्षण गप्प राहिले, आणि नंतर त्यांनी तिच्या आधीपासूनच्या अम्लोडिपिन या गोळीबरोबर टेल्मिसार्टन ही दुसरी गोळी सुरू केली. या गटातली औषधे, आणि रामिप्रिल किंवा एनालाप्रिलसारखी त्यांची भावंडे, गाळणीच्या बाहेर जाणाऱ्या वाहिनीला सैल करतात, त्यामुळे आतला दाब उतरतो आणि गळती कमी होते. प्रेशर सगळ्याच गोळ्या उतरवतात. अल्ब्युमिन गळत असेल तर मात्र या गोळ्यांना पहिला मान द्यावा लागतो, आणि अल्ब्युमिन गळते आहे हे लघवी तपासल्याशिवाय कळायचे कसे? गोळी ठरवण्यासाठीच ही तपासणी लागते, हे मला आईच्या निमित्ताने नीट कळले.

टेल्मिसार्टन सुरू करून तीन आठवडे झाल्यावर मी रक्त काढले तेव्हा क्रिएटिनिन १.२५ आले आणि या वेळी आकडा ठळक छापला गेला. ईजीएफआर ४७. मला वाटले, औषधाने घात केला. पण आतला दाब उतरला की गाळण्याचा वेग सुरुवातीला थोडा मंदावतोच. पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढले तरी ते औषधाचे काम चालू असल्याचे लक्षण मानून गोळी चालू ठेवतात, आणि त्याहून अधिक वाढले तर कारण शोधतात. आईची वाढ १४ टक्क्यांच्या आतली होती, पोटॅशियम ४.६ म्हणजे मर्यादेतच होते, आणि पुढच्या दोन वेळी क्रिएटिनिन तिथेच स्थिरावले. असा ठळक आकडा पाहून कितीतरी रुग्ण आपल्याच मनाने गोळी बंद करतात. आमच्यासारखे अहवाल देणारेही अशा वेळी तोंड वाकडे करून भर घालतात, हेही कबूल केले पाहिजे.

दुसरी गोष्ट मला घरीच सापडली. गुडघ्यांसाठी आई औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांची पट्टी आणत असे, ‘दुखले तरच’ या नावाखाली आठवड्यातून चार-पाच दिवस. हे दुखणे मारणारे औषध मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी आवळते, प्रेशरही वाढवते आणि टेल्मिसार्टनच्या जोडीला तर ते अधिकच अपाय करते. डॉक्टरांना तिने ते सांगितले नव्हते, कारण त्यांनी विचारले ‘दुसरी कुठली औषधे?’ आणि तिच्या मते गुडघ्याची गोळी हे औषध नव्हे. पायांच्या सुजेचेही तसेच झाले होते. सूज आली की मूत्रपिंड बिघडले समजावे असा आमच्या भागात पक्का समज आहे. आईच्या घोट्यांवरची सूज बहुतांशी अम्लोडिपिनची होती. प्रेशराने बिघडलेल्या मूत्रपिंडाची सूज येते ती सहसा फार उशिरा, त्यामुळे तिची वाट पाहत बसणाऱ्याला लवकर काही कळत नाही आणि नसत्या कारणासाठी घाबरणाऱ्याला उगाच झोप लागत नाही.

मिठाबद्दल आमचे भांडण अजून मिटलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, म्हणजे लहान चमचाभर. आईच्या ताटातल्या खारवलेल्या कैऱ्या, सुकी सुंगटे (कोळंबी) आणि पापड एवढ्यांनीच तो चमचा भरतो, आमटीची पाळी अजून यायची असते. तिचे म्हणणे असे की आगरवाड्याच्या मिठागरातले गावठी जाडे मीठ बाधत नाही. ते मीठ चवीला उत्तम आहे आणि मिठागरे टिकावीत असे मलाही वाटते. पण रक्तदाबाच्या हिशेबात तेही मीठच. यावर उपाय म्हणून शेजारच्या कोणी तिला ‘कमी सोडियमचे मीठ’ आणून दिले होते. ते मी लगेच उचलून आणले, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते, आणि मूत्रपिंडे मंद असताना व टेल्मिसार्टन चालू असताना रक्तातले पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्याची मूत्रपिंडे धड आहेत त्याला तेच मीठ उपकारक ठरते.

आमच्या परसातल्या करमल (ताऱ्याच्या आकाराची फोड होणारे फळ) आणि बिंबल (लांबट, हिरवे, आंबट फळ) या दोन झाडांविषयीही एक शब्द. माशाच्या आमटीत चार बिंबले पडल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिंबलाचा रस पेल्याने पिणाऱ्यांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडल्याची उदाहरणे केरळमधून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. त्यातल्या ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. आणि ज्याची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत त्याने करमल तर तोंडात घालू नये. न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येण्यापर्यंत त्याची मजल जाते.

काणकोणचा प्रश्न लोक मला विचारतात. काणकोण तालुक्यात मूत्रपिंडविकाराचे रुग्ण बरीच वर्षे मोठ्या संख्येने आढळत आले आहेत आणि संशोधकांनी तिथल्या भूजलातील सिलिका व शिसे यांच्याकडे बोट दाखवले आहे. अशा प्रकारच्या आजारात सुरुवातीला प्रेशर वाढलेले नसते आणि अल्ब्युमिनची गळतीही सहसा फारशी नसते. त्यामुळे तिथे क्रिएटिनिनला मान अधिक. मी लिहिते आहे तो विषय वेगळा आहे, आणि डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, कुठेही प्रेशर असलेल्या घरात तो आहे.

वयस्कर माणसांची उगाच घाबरगुंडी उडवू नये हेही मला वाटते. ७८ वर्षांच्या आजोबांचा ईजीएफआर ५७ असेल, एसीआर १० असेल आणि दोन-तीन वर्षे आकडे जागच्या जागी असतील तर त्यांना ‘किडनी गेली’ असे सांगणे हा अन्याय आहे. वर्षातून एकदा पाहावे, औषधे सांभाळून द्यावीत, बस्स. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही रक्ताची आणखी एक तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. आणि तपासणीच्या आदल्या रात्री मटणाचा बेत झाला असेल तर क्रिएटिनिन काही तास वर राहते, तेव्हा बारा तास तरी मटण-मासळी टाळावी. रविवारच्या जेवणानंतर सोमवारी सकाळी येणाऱ्यांना मी आता हे आधी विचारते.

आईचे सहा महिन्यांनंतरचे प्रेशर घरी १२५ ते १३० च्या दरम्यान राहिले आणि एसीआर ९० वर उतरला. गेलेली क्षमता परत येत नाही, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितले. मूळच्या मधुमेहाच्या, पण २०२० सालच्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांच्या मूत्रपिंडांनाही उपयोगी ठरलेल्या डापाग्लिफ्लोझिनचा पर्याय त्यांनी पुढच्या भेटीसाठी राखून ठेवला आहे. त्याचे पेटंट आपल्याकडे संपल्याने ते आता स्वस्त मिळते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, मूत्रपिंडतज्ज्ञांना एकदा दाखवून आणले. डायलिसिसच्या खोलीवरून जाताना आईने आत डोकावून पाहिले, आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास असे पडून राहावे लागते का विचारले, आणि घरी येईपर्यंत ती बोलली नाही.

माझ्या प्रयोगशाळेत दोन बदल झाले. क्रिएटिनिनच्या खाली आता ईजीएफआर न मागता छापला जातो, आणि त्याच्या शेजारी आमच्याकडे असलेले मागचे तीन आकडे तारखेसह येतात. संगणकवाल्याने एवढ्यासाठी तीन फेऱ्या मारायला लावल्या. प्रेशराची चिठ्ठी घेऊन आलेल्याला एसीआर कधी झाला होता ते आम्ही विचारतो. वर्ष उलटले असेल किंवा कधीच झाला नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या म्हणून सांगतो आणि निर्जंतुक डबी खाकी पाकिटात घालून, वर काही न लिहिता देतो. पाकिटाचा उपयोग मला वाटला त्याहून अधिक झाला. गेल्या सोमवारी नार्व्याची म्हातारी आली होती. डबी परत करताना तिने पाकीट मात्र घडी घालून कमरेला खोचले आणि म्हणाली, “हे राहू दे, पुढच्या वर्षाला होईल.”